‘कोणतं पान?’ : व्यापारी दावे आणि अपिलांच्या वकिलीत शिरणाऱ्यांसाठी

अपिलाची सुनावणी सुरू झाली की खंडपीठाकडून येणारा पहिला प्रश्न बहुधा कायद्याचा नसतो. तो असतो, ‘कोणतं पान?’ तुम्ही म्हणता की माल निकृष्ट असल्याचे प्रतिवादीने मार्चमध्येच कळवले होते, तर ते पत्र कोणत्या पानावर आहे, त्याला निशाणी क्रमांक (पुराव्यात दाखल झाल्याचा क्रमांक) पडला आहे का, आणि त्यावर साक्षीदाराला उलटतपासात काही विचारले होते का? ही तिन्ही उत्तरे उच्च न्यायालयात तयार होत नाहीत. काही वर्षांपूर्वी खालच्या कोर्टात कोणीतरी ती तयार केलेली असतात, किंवा करायची राहून गेलेली असतात. म्हणून ‘मला फक्त अपिलांचे काम करायचे आहे’ असे म्हणणाऱ्या नवोदितानेही आधी मूळ दावा कसा उभा राहतो ते शिकावे. हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे. उदाहरणे मुख्यतः मुंबई उच्च न्यायालयाच्या क्षेत्रातली आहेत.

सनद

हा भाग थोडक्यात. बारावीनंतर पाच वर्षे किंवा पदवीनंतर तीन वर्षे कायद्याचे शिक्षण, मग बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे नोंदणी, म्हणजेच सनद. नोंदणीचे कायदेशीर शुल्क सर्वसाधारण गटासाठी एकूण ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपये आहे. राज्य बार कौन्सिलांना नोंदणीच्या वेळी वेगवेगळ्या नावांखाली याहून जास्त घेता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये स्पष्ट केले. नोंदणीनंतर दोन वर्षांच्या आत ऑल इंडिया बार एक्झामिनेशन उत्तीर्ण व्हावे लागते. शंभर वस्तुनिष्ठ प्रश्न असतात. उत्तीर्ण होण्यासाठी सर्वसाधारण आणि ओबीसी उमेदवारांना ४५ टक्के, तर अनुसूचित जाती-जमाती व दिव्यांग उमेदवारांना ४० टक्के गुण लागतात. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. टिपणी नसलेले नुसते कायदे सोबत नेता येतात, तेव्हा कोणता कायदा कुठे उघडायचा याचा सराव केला तरी बरेच साधते.

एक गोष्ट मात्र अनेकांच्या उशिरा लक्षात येते. पूर्णवेळ पगारी नोकरी आणि वकिली एकाच वेळी करता येत नाही. कंपनीच्या विधी विभागात नोकरी धरली तर सनद स्थगित करून घ्यावी लागते. लॉ फर्ममधले बहुतेक ज्युनिअर म्हणूनच कागदोपत्री ‘रिटेनर’ (पगाराऐवजी ठरलेली फी घेणारे) असतात.

कुठे बसायचे

मुंबईत या कामाचे दोन भाग पडतात. सॉलिसिटर फर्म पक्षकाराशी बोलते, कागद जमवते, मसुदा करते, दाखल करते. काउन्सेल मसुदा पक्का करतो आणि कोर्टात उभा राहतो. कायद्याने हा भेद १९७७ पासून उरलेला नाही, पण फोर्टातली कामाची पद्धत आजही त्यावरच चालते. बॉम्बे इनकॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची सॉलिसिटरची परीक्षाही अजून आहे. ती सक्तीची नाही, मात्र त्यासाठी केलेल्या आर्टिकलशिपमुळे (सॉलिसिटरकडच्या उमेदवारीमुळे) कागद हाताळण्याची शिस्त लागते. पुणे, नाशिक, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथे मात्र बहुतेक ठिकाणी एकच वकील पक्षकार भेटण्यापासून अंतिम युक्तिवादापर्यंत सगळे करतो.

पहिली दोन वर्षे जिथे साक्षीपुरावा नोंदवला जातो अशा ठिकाणी काढावीत, असे आमचे ठाम मत आहे. मोठ्या काउन्सेलच्या चेंबरमध्ये पहिल्याच दिवसापासून बसलेल्याला युक्तिवाद उत्तम कळतो, पण निशाणी का पडली नाही हे कळत नाही. मुंबईत यासाठी शहर दिवाणी न्यायालय चांगले. २०२४ पासून तिथली आर्थिक मर्यादा १ कोटीवरून १० कोटी झाली आहे. पूर्वी थेट उच्च न्यायालयाच्या ओरिजिनल साइडला (जिथे मूळ दावेच चालतात) लागणारे पुष्कळ दावे आता तिथे चालतात.

चेंबर निवडताना चार प्रश्न सरळ विचारा. दरमहा किती मिळणार? स्वतःची कामे घेता येतील का? मसुदा तपासून परत मिळतो, की सीनिअर तो स्वतःच नव्याने लिहितात? साक्षी घेण्याची संधी मिळते का? बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युनिअरना शहरात किमान २०,००० आणि ग्रामीण भागात किमान १५,००० रुपये विद्यावेतन द्यावे असे सुचवले आहे. ती शिफारस आहे, बंधन नाही, तेव्हा आकडा आधीच बोलून घ्यावा. चारांपैकी तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. लाल शाईने भरून परत आलेल्या मसुद्यातून जेवढे शिकता येते तेवढे कोर्टाच्या मागच्या बाकावर बसून येत नाही.

पहिले सहा महिने : बोर्ड आणि डायरी

संध्याकाळी उद्याचा बोर्ड (कोर्टातल्या कामांची यादी) आला की प्रत्येक मॅटरपुढे तीन गोष्टी लिहा : कोर्टरूम, अनुक्रमांक, आणि मॅटर कशासाठी लागले आहे. तिसरी गोष्ट सगळ्यात जास्त चुकते. ‘अ‍ॅडमिशन’ला लागलेले मॅटर आणि ‘अंतिम सुनावणी’ला लागलेले मॅटर यांची तयारी सारखी नसते. जिल्हा न्यायालयातल्या कामाचा १६ अक्षरी सीएनआर क्रमांक डायरीच्या पहिल्या पानावर असू द्या. त्यावरून मागचा रोजनामा (प्रत्येक तारखेला काय झाले त्याची नोंद) मोबाइलवर पाहता येतो.

मॅटर पुकारले आणि आपल्या बाजूने कोणीच नसले तर दावा गैरहजेरीत काढून टाकला जातो. तो पुन्हा बोर्डावर आणण्याच्या अर्जाला ३० दिवसांची मुदत आहे. म्हणून दोन कोर्टांत एकाच वेळी काम लागण्याची शक्यता दिसली, की कोणाला कुठे उभे करायचे हे आदल्या रात्रीच ठरवा. ‘पासओव्हर मागू’, म्हणजे मॅटर थोड्या वेळाने पुकारा अशी विनंती करू, ही योजना असू शकत नाही.

आदेश झाला की तो त्याच रात्री अपलोड झाला का पाहा आणि शब्दन् शब्द वाचा. ‘चार आठवडे’ऐवजी ‘दोन आठवडे’ पडले असेल, पक्षकाराचे नाव उलटे झाले असेल, तर मुंबई उच्च न्यायालयात ‘स्पीकिंग टू द मिनिट्स’ला मॅटर लावून ते दुरुस्त करून घेता येते. हा मार्ग लेखनातल्या चुकांपुरताच आहे. निकाल पटला नाही म्हणून तो वापरला, तर ज्युनिअरची ओळख भलत्याच कारणाने पक्की होते.

डायरीत प्रत्येक मुदतीच्या तीन नोंदी कराव्यात : शेवटचा दिवस, त्याआधी सात दिवस, आणि मसुदा सीनिअरच्या टेबलावर जाण्याचा दिवस. शेवटचा दिवस सुट्टीचा आला तर पुढच्या कामकाजाच्या दिवशी दाखल करता येते हे खरे, पण त्या भरवशावर मसुदा आखू नये.

दाव्याआधीची तपासणी

पक्षकार येतो तो ‘इतके कोटी अडकलेत’ एवढेच सांगत. वादपत्र (वादीचे दाव्याचे मूळ निवेदन) लिहायला बसण्याआधी खालील गोष्टी याच क्रमाने तपासा. क्रम महत्त्वाचा, कारण पहिल्या पायरीवर अडलेला दावा सातव्या पायरीवर कितीही भक्कम असला तरी उपयोग नसतो.

पहिली पायरी, दावा कोणाच्या नावाने. भागीदारी संस्था नोंदलेली नसेल तर भागीदारी कायद्याच्या कलम ६९ मुळे करारावरचा दावा अडतो. दावा दाखल केल्यानंतर नोंदणी करून आणली तरी तो दोष सहसा भरून निघत नाही. कंपनी असेल तर संचालक मंडळाचा ठराव किंवा अधिकारपत्र आधी हातात घ्या. सही करणाऱ्याला अधिकारच नव्हता, हा प्रतिवादीचा आवडता मुद्दा आहे.

दुसरी, वाद ‘व्यापारी’ आहे का. कमर्शियल कोर्ट्‌स अ‍ॅक्ट २०१५ मध्ये आला तेव्हा किमान रक्कम १ कोटी होती. २०१८ च्या दुरुस्तीने ती ३ लाखांवर आली. पण रक्कम मोठी म्हणून वाद व्यापारी होत नाही, तो कलम २ च्या व्याख्येतल्या एखाद्या प्रकारात बसावा लागतो. मित्राने मित्राला घरच्या अडचणीसाठी हातउसने दिलेले ५० लाख हा साधा दिवाणी दावा. जमिनीच्या बाबतीत जास्त गफलत होते. मालमत्ता केवळ व्यापारासाठी प्रत्यक्ष वापरात असावी लागते. पुढे कधी कारखाना होईल एवढ्याने भागत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने अंबालाल साराभाई प्रकरणात २०१९ मध्ये सांगितले. चुकीच्या कोर्टात दावा लावला तर वादपत्र परत मिळते, आणि मधली वर्षे जातात.

तिसरी, मुदत. पैशाच्या बहुतेक दाव्यांना तीन वर्षे. पक्षकार म्हणतो, ‘आमचं खातं चालूच आहे.’ दोन्ही बाजूंची एकमेकांकडे स्वतंत्र येणी असल्याखेरीज त्याला कायद्याच्या अर्थाने परस्पर चालू खाते म्हणत नाहीत. नुसता माल एकीकडून आणि पैसे दुसरीकडून जात असतील तर बिलाबिलाची मुदत वेगळी मोजावी लागू शकते. म्हणून एक तक्ता करा : बिल क्रमांक, तारीख, देय तारीख, मिळालेली रक्कम, तीन वर्षे संपण्याची तारीख. कर्जाची कबुली मुदत वाढवते, पण ती लेखी, सही असलेली आणि मुदत संपण्याआधीची हवी. कंपनीच्या ताळेबंदातली नोंदही कबुली ठरू शकते, त्यामुळे प्रतिवादी कंपनीचे ताळेबंद कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावरून काढून घ्या. फक्त सोबतच्या टिपा वाचायला विसरू नका. ‘ही रक्कम आम्हांस मान्य नाही’ असे तिथेच बारीक अक्षरात लिहिलेले असते.

चौथी, लवादाचे कलम. करारात ते असेल तर वाट वेगळी : लवाद मागणारी नोटीस आणि गरज असेल तर लवाद कायद्याच्या कलम ९ खाली अंतरिम संरक्षण. लवाद सुरू होण्याआधी असा अंतरिम आदेश मिळाला तर त्यानंतर ९० दिवसांत लवाद सुरू करावा लागतो. उलट बाजूने, आपण प्रतिवादी असू आणि लवाद हवा असेल तर कैफियत (वादपत्राला लेखी उत्तर) देण्याआधी त्याच कायद्याच्या कलम ८ चा अर्ज करा.

पाचवी, मुद्रांक. पुरेसा मुद्रांक नसलेला करार पुराव्यात वाचला जात नाही. महाराष्ट्रात तुटीच्या रकमेवर दरमहा २ टक्क्यांनी दंड चढत जातो. हे दावा दाखल करण्याआधी निस्तरणे स्वस्त पडते. साक्षीच्या दिवशी आक्षेप निघाला की दस्तऐवज जप्त होऊन मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो आणि तारखा पडत राहतात.

सहावी, दाव्यापूर्वीची मध्यस्थी. तातडीचा अंतरिम दिलासा मागायचा नसेल तर कमर्शियल कोर्ट्‌स अ‍ॅक्टच्या कलम १२अ खाली आधी विधी सेवा प्राधिकरणाकडे मध्यस्थीचा अर्ज करावाच लागतो. पाटील ऑटोमेशन निवाड्यानुसार २० ऑगस्ट २०२२ पासून हे टाळून केलेला दावा फेटाळला जातो. मध्यस्थीत गेलेला काळ मुदतीतून वगळला जातो. नावापुरता मनाई हुकुमाचा अर्ज जोडून ही पायरी चुकवण्याचा प्रयत्न बरेच जण करतात. तातडी खरी आहे का हे कोर्ट वादपत्र वाचून तपासते, तेव्हा सहा महिने जुन्या घटनेवर ‘तातडी’ दाखवू नका.

सातवी, ईमेल आणि व्हॉट्सअ‍ॅप. आज व्यापारी दाव्याचा निम्मा पुरावा यांतच असतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र दोन भागांत द्यावे लागते : एक भाग उपकरण ताब्यात असणाऱ्याचा, दुसरा तज्ज्ञाचा, आणि त्यात फाइलचे हॅश मूल्य (फाइल बदलली नाही हे दाखवणारा संगणकीय ठसा) येते. पक्षकाराला पहिल्याच भेटीत सांगा की फोन बदलू नका, विकू नका, गप्पा पुसू नका. स्क्रीनशॉटवर तारीख दिसत नसेल तर पूर्ण संभाषण निर्यात करून घ्या.

वादपत्र, कैफियत, साक्ष

व्यापारी दाव्यात वादपत्राबरोबर सत्यकथनाचे प्रतिज्ञापत्र आणि आपल्या ताब्यातली सर्व संबंधित कागदपत्रे द्यावी लागतात, आपल्या विरुद्ध जाणारीसुद्धा. ‘नंतर जोडू’ हा जुना दिवाणी रिवाज इथे चालत नाही. उशिरा आणलेल्या कागदाला कोर्टाची परवानगी लागते आणि आधी न देण्याचे सबळ कारण दाखवावे लागते.

कैफियतीला समन्स बजावल्यापासून ३० दिवस. खर्च भरून आणि कारणे देऊन ती मुदत जास्तीत जास्त १२० दिवसांपर्यंत वाढते. १२१व्या दिवशी कैफियत दाखल करण्याचा हक्क संपतो. कोर्टालाही तो वाढवता येत नाही, हे एससीजी कॉन्ट्रॅक्ट्‌स निवाड्याने २०१९ मध्ये पक्के केले. चूक बहुधा दिवस मोजण्यात होते. वकीलपत्र दाखल केल्याच्या तारखेपासून मोजणी सुरू केली जाते, आणि समन्स त्याआधी तीन आठवडे कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयात एखाद्या सुरक्षारक्षकाने घेतलेले निघते. बजावणीचा अहवाल स्वतः पाहा.

कैफियतीत ‘परिच्छेद ५ ते १२ नाकबूल’ असे एका ओळीत लिहून सुटका नाही. प्रत्येक आरोप का नाकारला आणि आपली हकीकत काय हे लिहावे लागते, नाहीतर तो मान्य धरला जातो. कागदपत्रांच्या तपासणीनंतर १५ दिवसांत प्रत्येक कागद मान्य की अमान्य याचे निवेदन द्यायचे असते. हे काम ज्युनिअरकडे येते. ते कंटाळवाणे असते आणि घाईत केले जाते. एखाद्या पत्रावरची सही मान्य करून मजकूर अमान्य करायचा होता, आणि घाईत सगळेच मान्य झाले, तर पुढे कितीही मोठा काउन्सेल आणला तरी ते पान बदलत नाही.

साक्षीच्या वेळी दस्तऐवज दाखल होत असताना आक्षेप घ्यायचा असेल तर तिथल्या तिथे घ्या आणि तो नोंदवला गेला का ते वाचा. दस्तऐवज मुळातच पुराव्यात अग्राह्य असेल तर तो मुद्दा नंतरही काढता येतो. पण तो सिद्ध करण्याची पद्धत चुकली, उदाहरणार्थ मूळ प्रतीऐवजी छायाप्रत दिली, एवढाच आक्षेप असेल तर त्या क्षणी गप्प राहिलेल्याला अपिलात तोंड उघडता येत नाही. उलटतपासातही तसेच. साक्षीदाराच्या ज्या विधानाला आव्हान द्यायचे आहे ते त्याच्यासमोर ठेवलेच पाहिजे. न विचारलेला प्रश्न अपिलात फार ठळक दिसतो.

निकाल लागला, आता अपील

निकालाच्या दिवशीच प्रमाणित नकलेचा अर्ज करा. नक्कल मिळायला लागलेला काळ मुदतीतून वगळला जातो, पण अर्ज केल्यापासूनचा, आपण आळस केल्याचा नव्हे. मुदती पाठ असाव्यात :

– व्यापारी न्यायालयाच्या निकालावर कमर्शियल कोर्ट्‌स अ‍ॅक्टच्या कलम १३ खाली : ६० दिवस
– साध्या दिवाणी हुकूमनाम्यावर उच्च न्यायालयात : ९० दिवस; जिल्हा न्यायालयात : ३० दिवस
– लवादाचा निवाडा रद्द करण्याचा अर्ज : ३ महिने, वर फार तर ३० दिवस, त्यापुढे एक दिवसही नाही
– दिवाळखोरी संहितेखाली एनसीएलएटीमध्ये (राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणात) : ३० दिवस, वर फार तर १५
– सर्वोच्च न्यायालयात विशेष अनुमती याचिका : ९० दिवस

दिवाळखोरीच्या अपिलात मोफत प्रत मिळण्याची वाट पाहत बसू नका. मुदत आदेश उच्चारल्यापासून धावू लागते. व्यापारी अपिलात विलंबमाफी कायद्याने शक्य असली तरी ती अपवाद म्हणूनच मिळते, असे बोर्से ब्रदर्स निवाड्यात २०२१ मध्ये म्हटले आहे. सरकारी खात्यांनाही ‘फाइल टेबलावरून टेबलावर फिरत होती’ हे कारण तिथे उपयोगी पडले नाही.

अपील चालते का हेही तपासा. व्यापारी दाव्यातल्या प्रत्येक अंतरिम आदेशावर अपील नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ४३ मधल्या यादीत बसणाऱ्या आदेशांवर आणि लवाद कायद्याच्या कलम ३७ मधल्या आदेशांवरच ते होते. अंतरिम आदेशांविरुद्ध पुनरीक्षण अर्जाचा मार्गही बंद आहे. उरते ते संविधानाचे अनुच्छेद २२७ (खालच्या न्यायालयांवर उच्च न्यायालयाची देखरेख), आणि तिथे हस्तक्षेप क्वचित होतो.

मग अपिलाच्या मसुद्याकडे. निकालपत्र तीनदा वाचा. पहिल्यांदा सलग. दुसऱ्यांदा प्रत्येक निष्कर्षापुढे न्यायाधीशांनी कोणत्या निशाणीचा आधार घेतला ते लिहीत. तिसऱ्यांदा उलट दिशेने, म्हणजे आपल्या बाजूची कोणती निशाणी निकालात कुठेच आलेली नाही ते शोधत. खरे मुद्दे बहुतेक वेळा या तिसऱ्या वाचनात सापडतात. ‘निकाल कायद्याला व पुराव्याला धरून नाही’ अशी पन्नास कलमी यादी लिहिणे सोपे असते. त्यापेक्षा आठ मुद्दे लिहा आणि प्रत्येकाखाली निशाणी व पान द्या.

कोणत्या प्रकारच्या अपिलात कोर्ट किती खोल जाईल हे ओळखले नाही तर उत्तम तयारीही वाया जाते. पहिल्या अपिलात तथ्ये आणि कायदा दोन्ही खुले असतात, आणि निष्कर्ष उलटवायचा तर खालच्या कोर्टाच्या कारणांना थेट भिडून स्वतःची कारणे द्यावी लागतात, असे संतोष हजारी प्रकरणात (२००१) सांगितले आहे. मनाई हुकुमासारख्या विवेकाधीन अंतरिम आदेशावरच्या अपिलात ‘दुसरे मतही शक्य होते’ एवढे पुरत नाही. आदेश मनमानी, विपर्यस्त किंवा प्रस्थापित तत्त्वे डावलून दिलेला आहे हे दाखवावे लागते. वांडर विरुद्ध अँटॉक्स (१९९०) हा निवाडा समोरचा वकील पहिल्या दोन मिनिटांत वाचणार, हे धरूनच चाला. दुसऱ्या अपिलात कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न हवा. तोही एका वाक्यात मांडता आला पाहिजे. लवादाच्या निवाड्यावर तर वाव सगळ्यात कमी : पुराव्याचे फेरमूल्यमापन तिथे होत नाही.

अपील दाखल केले म्हणून हुकूमनाम्याची दरखास्त (अंमलबजावणीची कारवाई) थांबत नाही. स्थगितीचा अर्ज वेगळा करावा लागतो, आणि पैशाचा हुकूमनामा असेल तर रक्कम किंवा तिचा मोठा भाग भरायला लागेल असे पक्षकाराला पहिल्याच दिवशी सांगावे. सुनावणीच्या आदल्या संध्याकाळी ही बातमी ऐकणारा पक्षकार पैसेही उभे करू शकत नाही आणि वकिलावर विश्वासही ठेवत नाही. निकाल आपल्या बाजूने लागला असेल तर त्याच आठवड्यात कॅव्हिएट (आम्हांला ऐकल्याशिवाय आदेश देऊ नये अशी आगाऊ विनंती) दाखल करा. ते ९० दिवस टिकते, म्हणून नूतनीकरणाची नोंदही डायरीत हवी.

खालच्या कोर्टात दिला नाही तो कागद अपिलात द्यायचा मोह प्रत्येक पक्षकाराला होतो. ऑर्डर ४१ च्या नियम २७ खाली ते तीनच परिस्थितींत शक्य आहे : खालच्या कोर्टाने तो चुकीने नाकारला, योग्य ती दक्षता घेऊनही तो त्या वेळी मिळाला नाही, किंवा अपील कोर्टालाच निकालासाठी त्याची गरज वाटली. ‘कपाटात होता, सापडला नाही’ हे दक्षतेचे उदाहरण नव्हे.

मराठी रेकॉर्ड

महाराष्ट्रात तालुका-जिल्ह्याच्या कोर्टांत साक्षी, रोजनामा, पुरसिस (पक्षकाराने कोर्टाला दिलेले छोटे लेखी निवेदन), सातबारा, फेरफार हे पुष्कळसे मराठीत असते. उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत चालते. मराठी माध्यमातून आलेल्या ज्युनिअरचे बळ इथे आहे. ओरिजिनल साइडला मराठी कागदाचे अधिकृत भाषांतर लागते. सर्वोच्च न्यायालयात भाषांतराशिवाय कागद पुढे सरकत नाही. भाषांतरात अर्थ निसटण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. ‘कब्जा’ आणि ‘वहिवाट’ हे दोन्ही शब्द इंग्रजीत एकाच शब्दाने उतरवले जातात आणि निकाल त्या फरकावर फिरू शकतो. साक्षीदाराचे ‘मला माहीत नाही’ आणि ‘मला सांगता येणार नाही’ हेही एक नव्हे. मूळ मराठी पान भाषांतराशेजारी ठेवून स्वतः ताडून पाहा आणि फरक दिसला तर सीनिअरना आधी सांगा.

इंग्रजी कच्चे असेल तर न्यूनगंड बाळगून बसू नका. रोज एक निवाडा घ्या आणि त्यातली तथ्ये दहा छोट्या इंग्रजी वाक्यांत लिहा. कोर्टाला छोटी वाक्येच आवडतात.

उभे राहण्याआधी

तारखांची यादी दोन पानांची, मुद्द्यांची टिपणी तीन पानांची, निवाडे फार तर पाच. प्रत्येक निवाड्याचा कोणता परिच्छेद वाचणार ते टिपणीत लिहा. निवाडा नंतर उलटवला गेला आहे का हे पाहा आणि तो अधिकृत संकेतस्थळावरून तटस्थ उद्धरण क्रमांकासह काढा. एआयने सुचवलेला निवाडा मूळ प्रतीत डोळ्यांनी पाहिल्याखेरीज कोर्टासमोर ठेवायचाच नाही. संकलनाची पीडीएफ शोधता येण्याजोगी करा, बुकमार्क घाला, आणि छापील पानांचे क्रमांक पीडीएफच्या क्रमांकांशी जुळवा. न्यायमूर्ती पडद्यावर आणि तुम्ही कागदावर पाहत असाल तर तीन पानांचा फरकही पाच मिनिटे खातो. सर्वोच्च न्यायालयात ए-४ कागद, दोन्ही बाजूंनी छपाई, १४ आकाराचा टंक, दीड ओळीचे अंतर आणि डाव्या-उजव्या बाजूंना ४ सेंटिमीटर समास हे ठरलेले आहे.

तिथे दाखल करण्याचा अधिकार फक्त अ‍ॅडव्होकेट ऑन रेकॉर्डला. त्यासाठी चार वर्षांची वकिली, त्यानंतर एका अनुभवी अ‍ॅडव्होकेट ऑन रेकॉर्डकडे एक वर्षाचे प्रशिक्षण, आणि चार विषयांची परीक्षा : कार्यपद्धती, मसुदालेखन, व्यावसायिक नीती, प्रमुख निवाडे. प्रत्येक विषयात ५० आणि एकूण ६० टक्के गुण लागतात. दिल्लीत न्यायालयापासून १६ किलोमीटरच्या आत कार्यालय आणि नोंदणीकृत कारकूनही हवा. मुंबईत बसून अपिले करणाऱ्याला दिल्लीतला एक विश्वासू अ‍ॅडव्होकेट ऑन रेकॉर्ड पुरतो.

फी आणि फाइल

स्वतःचे काम घ्यायला लागलात की फी टप्प्यांनुसार लेखी ठरवा : नोटीस, मसुदा, अंतरिम अर्ज, साक्ष, युक्तिवाद. कोर्ट फी, भाषांतर, छपाई, काउन्सेलची फी हे वेगळे दाखवा. वसुलीच्या टक्केवारीवर फी घेणे बार कौन्सिलच्या नियमांत निषिद्ध आहे, जाहिरात करणेही. एकदा ज्या पक्षाला सल्ला दिला त्याच्या विरुद्ध त्याच वादात उभे राहता येत नाही. म्हणून फोनवरचा फुकट सल्लासुद्धा नाव आणि तारखेसह नोंदवून ठेवा, पुढे हितसंबंधांचा संघर्ष तपासायला तीच वही लागते.

फी थकली म्हणून पक्षकाराची फाइल अडवून ठेवता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्येच हे ठरवले आहे, थकबाकीसाठी वेगळा दावा करावा. फाइल परत देताना मूळ कागदांची यादी करा, प्रत्येक कागदाची पाने मोजून लिहा आणि खाली पक्षकाराची तारखेसह सही घ्या. त्या पोचपावतीची एक प्रत आपल्याकडे आणि एक स्कॅन.